रूळ गेले, वाट राहिली

इंग्लंडमधील बाथ शहराच्या दक्षिणेस कूम डाउन नावाची टेकडी आहे. तिच्या पोटातून १,६७२ मीटर लांबीचा एक जुना रेल्वे बोगदा जातो. १८७४ साली या मार्गावरून पहिली गाडी धावली आणि मार्च १९६६ मध्ये शेवटची. मधल्या ९२ वर्षांत या अरुंद, एकेरी आणि वाऱ्याला वाव नसलेल्या बोगद्याने कोळसा वाहिला, सुटीवर निघालेली कुटुंबे वाहिली आणि क्वचित माणसांचे बळीही घेतले. २० नोव्हेंबर १९२९ रोजी एका मालगाडीचा चालक आणि त्याचा सहकारी याच बोगद्यातील धुराने बेशुद्ध झाले, गाडी निर्नायक अवस्थेत उतारावरून सुटली आणि बाथच्या मालधक्क्यावर आदळली. त्या अपघातात तिघांचा अंत झाला.

आज याच बोगद्यातून सायकली जातात. पुढे एक वाटाड्या, मागे एक राखणदार आणि मध्ये दहापंधरा जणांचा जथा: कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी बारा वर्षांचा मुलगा, कोणी वीस वर्षांनी प्रथमच सायकलीवर बसलेला गृहस्थ. बोगद्यात शिरण्यापूर्वी वाटाड्या सर्वांना थांबवतो, दिवे लावायला सांगतो आणि १९२९ ची हकीकत थोडक्यात सांगतो. मग तो जथा घंट्या वाजवीत अंधारात शिरतो.

हे दृश्य केवळ परदेशी लोकांच्या फावल्या वेळचा छंद म्हणून सोडून देण्यासारखे नाही. बंद पडलेल्या लोहमार्गांचे आणि कामातून गेलेल्या कालव्यांचे करायचे काय, हा प्रश्न ज्या ज्या देशात यंत्रयुगाची पहिली लाट येऊन ओसरली, त्या त्या देशापुढे उभा राहिला. तो महाराष्ट्रापुढेही आहे. त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडने कोणत्या चुका केल्या आणि त्या कोणी, किती कष्टाने निस्तरल्या, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एका फेरीत तीन शतके

बाथमधून निघून बोगद्यांतून मिडफर्डला जायचे, तेथून डन्डास जलसेतूवर यायचे आणि कालव्याच्या काठाने पुन्हा बाथ गाठायचे, अशी ही फेरी जेमतेम २१ किलोमीटरांची आहे. चांगला सायकलस्वार ती दीड तासात संपवील. पण जाणत्या वाटाड्याबरोबर निघालेल्या जथ्याला अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसात औद्योगिक क्रांतीचा इतिहास पायांखालून जातो.

बोगदा ओलांडला की टकिंग मिल येथे उंच कमानींचा पूल लागतो. विल्यम स्मिथ या भूमापकाचे येथे वास्तव्य होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथील खाणींतला कोळसा वाहून नेण्यासाठी सॉमरसेट कोल कॅनॉल खोदायचा ठरला, तेव्हा त्याची मोजणी स्मिथकडे आली. खोदकामात उघड्या पडणाऱ्या खडकांचे थर ठरावीक क्रमाने येतात आणि प्रत्येक थरातील जीवाश्म वेगळे असतात, हे या लोहाराच्या मुलाच्या ध्यानात आले. त्या निरीक्षणातून १८१५ साली त्याचा भूशास्त्रीय नकाशा सिद्ध झाला आणि पृथ्वीचे वय मोजण्याच्या शास्त्राला पाया मिळाला. कालवा कोळशासाठी खोदला गेला आणि त्यातून विद्या निघाली.

पुढे याच कालव्याची कहाणी अधिक बोलकी होते. रेल्वे आली आणि कालव्याचा धंदा बसला. १८९८ मध्ये तो बंद पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्याच पात्राचा बराचसा भाग घेऊन त्यावर रूळ टाकण्यात आले. १९५१ मध्ये तो लोहमार्गही बंद झाला. आपल्या गावची रेल्वे वाचवण्यासाठी झगडणाऱ्या गावकऱ्यांवरील ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा १९५३ चा विनोदी चित्रपट याच बंद पडलेल्या मार्गावर चित्रित झाला. पडद्यावर गावकरी जिंकले. प्रत्यक्षातला मार्ग मात्र तोवर हरलेला होता.

डन्डास जलसेतू हे या फेरीतील विसाव्याचे ठिकाण. १८०५ च्या सुमारास जॉन रेनी या अभियंत्याने एव्हन नदीवरून कालवाच पलीकडे नेला. खाली नदी, वर कालवा आणि कालव्याच्या कडेने वाट. या वाटेला इंग्रजीत ‘टोपाथ’ म्हणतात. तिच्यावरून घोडा चाले, त्याच्या जूपासून निघालेला दोर नावेला बांधलेला असे, आणि जो माल गाडीरस्त्याने न्यायला घोड्यांचा तांडा लागला असता, तो एकटा घोडा पाण्यावरून सहज ओढी. पुलाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर त्या दोरांनी पडलेल्या खोल चऱ्या अनेक कालव्यांवर अजून दिसतात. वर्षानुवर्षे एकाच जागी घासणाऱ्या ओल्या दोराने लोखंड कापले गेले आहे. वाटाड्याने त्या चरीवर बोट ठेवायला सांगितले, तर शाळकरी मुलाला घोड्याचे श्रम कळतात. पाठ्यपुस्तकातील औद्योगिक क्रांतीची दहा पाने त्याला तेवढे सांगू शकत नाहीत.

सपाटीचे रहस्य

या वाटांचा सायकलशी एवढा मेळ का बसला, याचे कारण अभियांत्रिकीत आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते. म्हणून लोहमार्गाला मोठा चढ चालत नाही. टेकडी आली की बोगदा पाडायचा, दरी आली की भराव घालायचा किंवा पूल बांधायचा, हे रेल्वेच्या अभियंत्याला टाळता येत नाही. कालव्याची तर गोष्टच वेगळी. पाणी सपाटीवर राहते, म्हणून कालव्याची वाटही सपाटच असते. जेथे चढणे अपरिहार्य असेल, तेथे दरवाज्यांच्या पायऱ्या करून नाव पाण्यासकट वर उचलावी लागते. बाथ सोडल्यावर केनेट अँड एव्हन कालवा ब्रॅडफर्डपर्यंत नऊ मैल एकाच पातळीवर वाहतो.

अवजड इंजिनासाठी आणि थकलेल्या घोड्यासाठी ज्या सपाट वाटा घडवल्या गेल्या, त्या साठी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यांना आणि लहान मुलांच्या पायांनाही सोयीच्या ठरल्या. त्यांचे दुसरे वैशिष्ट्य असे की, या वाटा मोटारींच्या रस्त्यांना छेदत नाहीत. त्या त्यांच्यावरून किंवा खालून जातात. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. या वाटा अखंड असतात. गावाच्या मध्यापासून दुसऱ्या गावाच्या मध्यापर्यंत जाणारी, सलग आणि एकाच मालकीची अशी जमिनीची पट्टी आजच्या काळात कोणत्याही सरकारला नव्याने मिळवणे जवळजवळ अशक्य आहे. एकोणिसाव्या शतकाने ती मिळवून ठेवली होती. विसाव्या शतकाने ती उधळली.

उधळपट्टीची हकीकत

२७ मार्च १९६३ रोजी ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोट्यातील रेल्वे सावरण्यासाठी सुमारे ५,००० मैलांचे, म्हणजे ८,००० किलोमीटरांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत, अशी त्यांची शिफारस होती. त्यांतील बहुतेक पुढील काही वर्षांत अमलात आली. तोट्याचा हिशेब डॉ. बीचिंग यांनी मांडला होता, आणि आकड्यांच्या दृष्टीने त्यात तथ्यही होते. परंतु मार्ग बंद केल्यानंतर त्याखालच्या जमिनीचे काय करायचे, याचा विचार त्या हिशेबात नव्हता.

मग जे व्हायचे तेच झाले. तुकड्यातुकड्याने जमीन विकली गेली. एका शेतकऱ्याने भराव सपाट केला, दुसऱ्या ठिकाणी घरे उठली, तिसऱ्या ठिकाणी देखभालीचा खर्च नको म्हणून पूल पाडला गेला. बोगद्यांची तोंडे मातीने बुजवण्यात आली. शंभर किलोमीटरांच्या मार्गातील नव्व्याण्णव शिल्लक राहिले आणि एक गेला, तरी तो मार्ग मार्ग राहत नाही. माळेचा दोरा एकाच ठिकाणी तुटला तरी मणी विखुरतात.

या चुकीची किंमत पुढे मोजावी लागली. स्कॉटलंडमधील एडिंबरो ते दक्षिणेकडील सीमाभाग हा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला होता. त्याचा काही भाग ६ सप्टेंबर २०१५ पासून पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात जुन्या मार्गात रस्ते आले होते, घरे आली होती. गेलेले पूल पुन्हा बांधावे लागले आणि काही ठिकाणी घरे संपादित करून पाडावी लागली. ज्या शासनाने जमीन कवडीमोलाने विकली, त्याच्याच वारसाला ती मोठ्या मोलाने परत घ्यावी लागली.

अमेरिकेने या बाबतीत अधिक दूरदृष्टी दाखवली. १९८३ साली तेथील राष्ट्रीय वाटांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. बंद होऊ घातलेला लोहमार्ग तुकड्यांत न विकता अखंड ठेवावा, तूर्त तेथे चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची वाट करावी, आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत द्यावा, अशी तजवीज तीत आहे. ठेव बँकेत राहते आणि तोवर तिच्या व्याजावर समाज फिरायला जातो, असा हा व्यवहार आहे. वाट ही येथे रेल्वेची शत्रू ठरलेली नाही. ती रेल्वेच्या जमिनीची विश्वस्त ठरली आहे.

नागरिकांचे फावडे

इंग्लंडमध्ये हे विश्वस्ताचे काम सरकारने केले नाही. ते नागरिकांनी केले. खनिज तेलाच्या संकटाला चार वर्षे झाली होती, तेव्हा १९७७ साली ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमींनी ‘सायकलबॅग’ नावाची संघटना काढली. तिचेच पुढे ‘सस्ट्रान्स’ झाले. जॉन ग्रिमशॉ हे स्थापत्य अभियंते तिचे प्रमुख होते. ब्रिस्टल ते बाथ हा जुना लोहमार्ग ओसाड पडला होता. या मंडळींनी खडी सारखी करण्यासाठी स्वतः फावडी हाती घेतली. १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने २१ किलोमीटरांची वाट तयार झाली. बेरोजगार तरुणांना काम देण्याच्या सरकारी योजनांचाही पुढच्या कामांना हातभार लागला.

कालव्यांची कथाही अशीच आहे. केनेट अँड एव्हन हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. १८५२ मध्ये तो प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीनेच विकत घेतला, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या मालमत्तेचे जे होते, ते त्याचे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास तो कायमचा बुजवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा १९५६ मध्ये हजारो सह्यांचे निवेदन जलमार्गाने लंडनला नेण्यात आले. पुढे विश्वस्त संस्था स्थापन झाली. शनिवार-रविवारी कारकून, शिक्षक आणि कामगार चिखलात उतरून गाळ उपसू लागले. काम तीस वर्षे चालले. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला, तेव्हा आरंभी फावडे धरणाऱ्यांपैकी अनेकजण वृद्ध झाले होते. क्लॅव्हर्टन येथे नदीच्याच जोरावर फिरणारे आणि नदीचेच पाणी कालव्यात चढवणारे १८१३ चे पाणचक्कीचे यंत्र आहे. तेही स्वयंसेवकांनीच दुरुस्त करून फिरते ठेवले.

बाथच्या बोगद्यांची वाट ६ एप्रिल २०१३ रोजी उघडली. गाडी बंद झाल्यापासून ४७ वर्षांनी. या विलंबाकडे दोन तऱ्हांनी पाहता येईल. अर्धे शतक वाया गेले, असे म्हणता येईल. किंवा टेकडीच्या पोटातला बोगदा विकण्याजोगा नव्हता म्हणूनच वाचला, असेही म्हणता येईल. दुसरे विधान अधिक खरे आणि अधिक खिन्न करणारे आहे.

पुढे कोण, मागे कोण

वाट झाली म्हणजे लोक आपोआप तिच्यावर येतील, ही समजूत भाबडी आहे. वेगाने जाणारे तरुण येतात. ज्यांना अशा वाटेची खरी गरज आहे, ते येत नाहीत. त्यांना वाट माहीत नसते. पंक्चर झाले तर काय, ही चिंता असते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, हा संकोच तर सर्वांत मोठा असतो. म्हणून वाटाड्यासह निघणाऱ्या सामूहिक फेऱ्यांचे महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये ही परंपरा जुनी आहे. सायकलस्वारांचा तेथील राष्ट्रीय संघ १८७८ मध्ये स्थापन झाला.

अशा फेरीचे नियम साधे असतात, पण त्यांत एक समाजनीती दडलेली असते. वेग ठरतो तो सर्वांत हळू जाणाऱ्याच्या वेगावरून. शेवटच्या स्वाराच्या मागे संघटकांपैकी एकजण राहतो आणि त्याच्या मागे कोणीही उरता कामा नये. वळण आले की पुढच्यांपैकी एकजण तेथे थांबतो, शेवटचा माणूस वळेपर्यंत दिशा दाखवत उभा राहतो आणि मग जथ्यात येऊन मिळतो. कोणाची चेन उतरली तर सगळे थांबतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चाललेल्या कोणालाही या नियमांचे नवल वाटणार नाही. तेथेही वृद्धेच्या पावलांवरून चाल ठरते, आणि चुकलेल्याला दिंडीचा क्रमांक सांगून योग्य जागी पोचवले जाते. एकट्याने न उमगणारी वाट समुदायात सोपी होते, हा अनुभव या मातीला परका नाही.

काटेही आहेत

मात्र या चित्रात सर्व काही गोड आहे असे समजणे चुकीचे ठरेल. कालव्याकाठची वाट अनेक ठिकाणी दोन माणसे शेजारून जेमतेम जातील एवढीच असते. तेथे वेगाने येणारी सायकल ही म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला मोटारीइतकीच भीतिदायक वाटते. गळ टाकून बसलेला मासेमार, कुत्रा घेऊन निघालेली बाई, नावेतून उतरणारा प्रवासी आणि सायकलस्वार यांच्या कुरबुरी नित्याच्या आहेत. ज्यांनी मोटारींच्या दडपणाविरुद्ध वाट मागितली, त्यांनीच त्या वाटेवर पायी चालणाऱ्याला दडपावे, यात न्याय नाही.

दुसरा दोष विस्ताराच्या हव्यासाचा. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून सस्ट्रान्सला चार कोटींहून अधिक पौंड मिळाले आणि देशभर सायकलमार्गांचे जाळे विणण्याचे काम सुरू झाले. २००० सालापर्यंत ५,००० मैलांचे जाळे जाहीर झाले. पण त्यातील मोठा भाग म्हणजे वाहत्या रस्त्यावर लावलेल्या निळ्या पाट्याच होत्या. बारा वर्षांच्या मुलाला एकटे पाठवता येईल का, या कसोटीवर २०१८ मध्ये खुद्द त्या संस्थेनेच जाळ्याची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मे जाळे अनुत्तीर्ण झाले. २०२० मध्ये मोठा भाग जाळ्यातून वगळण्यात किंवा वेगळ्या वर्गात टाकण्यात आला. आपली आकडेवारी आपणच कमी करून जाहीर करणाऱ्या संस्था विरळा. त्या प्रामाणिकपणाचे मोल मैलांहून अधिक आहे.

तिसरा धोका मोहाचा. अखंड वाट तयार झाली की इतरांचेही तिच्याकडे लक्ष जाते. २००८ मध्ये ब्रिस्टल-बाथ वाटेच्या शहरी भागावरून जलद बसमार्ग नेण्याची योजना पुढे आली होती. हजारो नागरिकांनी विरोध केला म्हणून ती मागे पडली. बस हीही सार्वजनिक गरजच. परंतु मोटारींच्या रस्त्याची एक पट्टी बसला देण्याचे धाडस ज्यांना होत नाही, त्यांना पायी आणि सायकलीवरून जाणाऱ्यांची पट्टी मात्र सहज आठवते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

मुठेचा कालवा आणि ‘शकुंतला’

हे सारे महाराष्ट्राशी कोठे येऊन भिडते? निदान दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण पुणे. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुण्याच्या कुशीतून वाहत आला आहे. तो खोदला तेव्हा तो गावाबाहेर होता. शहर वाढले आणि त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती झाली. काठाने काही भागांत लोक सकाळ-संध्याकाळ फिरतात. हाच कालवा २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ फुटला आणि गोरगरिबांच्या वस्तीत पाणी घुसले. गळती, चोरी, प्रदूषण आणि असे अपघात टाळण्यासाठी खडकवासला ते फुरसुंगी पाणी भुयारातून न्यावे, अशी राज्य शासनाची योजना आहे. दौंड-इंदापूरकडच्या शेतीला त्यामुळे अधिक पाणी मिळणार असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो नंतरचा. भुयार झाले की शहराच्या मधोमध, मैलोगणती सलग, सपाट आणि शासनाच्या मालकीची जमिनीची पट्टी मोकळी होईल. तिचे मोल किती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. मोटारींचा रस्ता करा, असे एक म्हणेल. विकून योजनेचा खर्च काढा, असे दुसरा म्हणेल. तुकडे पाडून वेगवेगळ्या खात्यांना वाटा, असे तिसरा सुचवील, आणि तोच सल्ला सर्वांत घातक ठरेल. बीचिंगच्या इंग्लंडने नेमके हेच केले होते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सायकलींचा आराखडा महापालिकेने २०१७ मध्ये मंजूर केला. पण रस्त्याच्या कडेला रंगवलेल्या पट्ट्यांवर उभ्या असलेल्या मोटारी पाहिल्या की, त्या आराखड्याला अखंड वाटेवाचून गती नाही हे स्पष्ट होते. कालव्याची पट्टी ही अशी वाट आहे. ती दुसऱ्यांदा मिळणार नाही.

मात्र एक अट हवी. कालव्याच्या काठाला वर्षानुवर्षे राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांना हुसकून लावून वरच्या मजल्यांवरील रहिवाशांसाठी फुलझाडांची सहलवाट करण्यात आली, तर ती वाट सार्वजनिक म्हणवून घेण्यास पात्र ठरणार नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईला, शाळेच्या मुलाला आणि कचेरीतल्या कारकुनाला जी वाट रोज उपयोगी पडेल, तीच खरी. पुनर्वसन आधी आणि फरसबंदी नंतर, हा क्रम उलटता कामा नये.

दुसरे ठिकाण वऱ्हाड. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना जाणारी अरुंद लोहमार्गाची ‘शकुंतला’ कापूस वाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अवतरली. तिच्या १८९ किलोमीटरांच्या मार्गाची मालकी ब्रिटिश कंपनीकडे होती आणि गाडी भारतीय रेल्वे चालवीत होती, असा विलक्षण संसार स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालला. मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते. आता ती थांबली आहे, आणि मार्ग रुंद करून गाडी पुन्हा सुरू करावी ही लोकांची मागणी आहे. ती न्याय्य आहे. जेथे रेल्वे परत येऊ शकते, तेथे पहिला हक्क रेल्वेचा. खेड्यातल्या माणसाला स्वस्त गाडी हवी असताना त्याच्या हाती सायकल देणे ही थट्टा ठरेल. परंतु निर्णय होईपर्यंत रुळांखालची जमीन अतिक्रमणांनी खाल्ली जाऊ नये, पूल आणि स्थानकांची दगडी घरे ढासळू नयेत, याची काळजी कोणी घ्यायची? भरावावरून माणसांची येजा राहिली, शाळांच्या सहली तेथून निघाल्या, तर ती वाट डोळ्यांसमोर राहील. जी वाट लोकांच्या पायांखाली असते, ती गिळायला कोणी सहसा धजत नाही.

आधी वाटाडे

यासाठी कोट्यवधींच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ब्रिस्टलची सुरुवात फावड्यांनी झाली. येथे ती फेऱ्यांनी होऊ शकेल. इतिहासाचा एक शिक्षक, अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा पाटकरी, जो कालव्याचे प्रत्येक दार ओळखतो, एवढी सामग्री पुरे. परवानगी घेऊन, जेथे काठ सुरक्षित असेल तेवढ्याच भागात, महिन्यातून एका रविवारी वीस-पंचवीस सायकली निघाव्यात. सायकल नसेल त्याने पायी यावे. कालवा कोणी खोदला, पाणी कोठे जाते, काठावर कोण राहतो, हे वाटेतच सांगितले जावे. वर्षभरात दोनतीनशे नागरिकांनी ती जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहिलेली असेल. उद्या त्या जमिनीचा निर्णय एखाद्या बंद खोलीत होऊ लागला, तर ती दोनतीनशे माणसे दाराशी उभी राहतील आणि त्यांना नकाशा दाखवून फसवता येणार नाही.

घोडे गेले, नावा गेल्या, इंजिनेही गेली. ज्या मजुरांनी भराव घातले आणि पात्रे खोदली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या श्रमांची एकच खूण मागे उरते, ती म्हणजे त्यांनी सपाट केलेली भूमी. ती तुकडे करून विकायची की सलग राखून पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, हे ठरवण्याची वेळ इंग्लंडवर १९६३ मध्ये आली होती, आणि तेव्हा त्याने चूक केली. पुण्याच्या कालव्याबाबत ती वेळ अद्याप यायची आहे. चूक करण्याआधी तिचे परिणाम पाहायला मिळणे, हे भाग्य सर्वांना लाभत नाही.